आकडा, पातळी आणि गल्ली : महामारीच्या काळात सांगलीकरांना मिळालेल्या सूचनांचा प्रकरण अभ्यास

सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन शहरांची मिळून १९९८ साली एक महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर भरली. कारभार एक असला तरी तिन्ही शहरांचा स्वभाव निराळा आहे. सांगली ही हळदीची आणि व्यापाराची पेठ आहे, मिरज हे रेल्वे जंक्शन आणि दवाखान्यांचे गाव आहे, तर कुपवाडमध्ये औद्योगिक वसाहत आणि पाळीवर जाणाऱ्या कामगारांची वस्ती आहे. मार्च २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात या तिन्ही शहरांतील रहिवाशांना प्रशासनाकडून रोज काही ना काही कळवले जात होते. आजचे बाधित किती, कोणती गल्ली बंद, कोणती दुकाने किती वाजेपर्यंत उघडी, लस कोठे मिळणार, असे त्याचे स्वरूप होते. हे कळवणे कितपत उपयोगी पडले, हा या लेखाचा विषय आहे. उपयोगाची कसोटी मी एकच ठेवली आहे : सूचना वाचल्यानंतर वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काही वेगळे करता येत होते का?

माहिती कोणाच्या तोंडून यायची, हे आधी पाहावे लागेल. १८९७ च्या साथरोग प्रतिबंधक कायद्याचा आधार घेऊन राज्य शासनाने मार्च २०२० मध्ये कोविडविषयक नियम काढले आणि त्यांत अशी तरतूद केली की, कोणतीही व्यक्ती किंवा संस्था खातरजमा केल्याशिवाय आणि आरोग्य विभागाचे वरिष्ठ अधिकारी, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त यांच्यापैकी कोणाची तरी पूर्वसंमती घेतल्याशिवाय या रोगाची माहिती प्रसारमाध्यमांतून देणार नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेलेच आहे. त्यामुळे माहितीचा उगम एक झाला. त्या आधीच्या काही आठवड्यांत कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो या एका अफवेने राज्यभरातील पोल्ट्रीवाल्यांना मातीमोल भावात पक्षी विकायला लावले होते, हे लक्षात घेतले तर एका उगमाचा आग्रह समजण्यासारखा होता. मात्र उगम एक असला की त्याचा साचाही एकच होतो, आणि राज्याला पाठवायचा अहवाल व रहिवाशाला सांगायची गोष्ट यांतला फरक पुसला जातो. सांगलीत पुढे जे दिसले, त्याचे मूळ बरेचसे येथे आहे.

इस्लामपूरचा पहिला धडा

जिल्ह्यातील पहिले रुग्ण सांगली शहरात सापडले नव्हते. २३ मार्च २०२० रोजी वाळवा तालुक्यातील इस्लामपूर (आताचे ईश्वरपूर) येथे सौदी अरेबियाची यात्रा करून परतलेल्या एकाच कुटुंबातील चार जणांचे अहवाल बाधित आले आणि पुढच्या आठवडाभरात त्याच कुटुंबातील व निकट संपर्कातील माणसे मिळून ही संख्या पंचविशीच्या आसपास गेली. राज्यात तेव्हा रुग्ण मोजकेच असल्याने ‘सांगलीत पंचवीस’ ही बातमी देशभर पोहोचली. सांगली हे नाव जिल्ह्याचेही आहे आणि शहराचेही. इस्लामपूर सांगलीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, आणि ही सर्व साखळी एका घराभोवतीची आहे, या दोन गोष्टी आकड्याबरोबर सांगितल्या जायला हव्या होत्या. कित्येकांपर्यंत आकडा तेवढा पोहोचला. मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांचे फोन सांगली शहराच्या गावभागातल्या घरांत येऊ लागले, तेव्हा इथल्या माणसालाही आपल्या दारापर्यंत रोग आला आहे की नाही याचे उत्तर देता येत नव्हते.

तरीही इस्लामपूरमध्ये सूचना परिणामकारक ठरली, असेच म्हणावे लागते. गाव छोटे, प्रादुर्भावाचे घर माहीत, संपर्कातील माणसे नावानिशी शोधलेली, आणि पालकमंत्री तेथलेच आमदार; त्यामुळे कोणी घराबाहेर पडायचे नाही, दूध-किराणा कसा येणार, नमुने कोणाचे घेणार हे प्रत्येक घराला थेट कळत होते. एप्रिलमध्ये रुग्ण बरे होऊन घरी परतू लागले आणि ‘इस्लामपूर पॅटर्न’ असा शब्द रूढ झाला. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. घर माहीत झाल्याने साखळी तुटली, आणि घर माहीत झाल्यानेच त्या कुटुंबाच्या आणि त्यांच्या समाजाच्या वाट्याला अनेक दिवस संशय आला. छोट्या गावात गुप्तता पाळणे अवघड असते हे खरे असले, तरी अधिकृत निवेदनात माणसांविषयी दोन सहानुभूतीची वाक्ये घालायला काही खर्च येत नव्हता.

रोजचा तक्ता

रुग्ण वाढले तसा सायंकाळचा तक्ता स्थिरावला. आटपाडी, जत, कडेगाव, कवठेमहांकाळ, खानापूर, मिरज, पलूस, शिराळा, तासगाव, वाळवा हे दहा तालुके आणि महापालिका क्षेत्र वेगळे. आजचे बाधित, आजचे कोरोनामुक्त, उपचाराखालील, मृत्यू, आजअखेर एकूण. तो व्हॉट्सॲपवर येई, वर्तमानपत्रांत छापून येई, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी घराघरांत त्यावर चर्चा होई. माहिती लपवली गेली असे म्हणायला मला आधार दिसत नाही. अडचण वेगळीच होती.

सांगलीकरांना रोजचा आकडा वाचण्याची सवय महामारीने लावलेली नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी किती फूट, कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, अलमट्टीचे दरवाजे किती उघडले, हे इथे शाळकरी मुलालाही समजते. चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. नदी चाळिशीकडे सरकू लागली की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडकडची माणसे कोणी सांगायची वाट न पाहता सामान माळ्यावर टाकतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले आणि आजवर कोरड्या राहिलेल्या पेठांनाही आपला फूट कोणता ते कळले. या आकड्यामागे तीन गोष्टी आहेत : ठरलेली मर्यादा, त्या मर्यादेला जोडलेली जागा, आणि धरणातून सोडलेले पाणी शहरात येईपर्यंत हाताशी असलेला वेळ. म्हणून तो आकडा ऐकताच माणूस उठून कामाला लागतो.

कोरोनाच्या तक्त्यात या तिन्ही गोष्टी नव्हत्या. महापालिका क्षेत्रात आज इतके बाधित, म्हणजे विश्रामबागेतल्या वृद्ध जोडप्याने काय करायचे? शंभराला घरी बसायचे आणि ऐंशीला भाजी आणायला जायचे, असे काही ठरलेले नव्हते. शिवाय आकडा ताजा दिसत असला तरी तो ताजा नसे. संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी पाच-सहा दिवस, कधी चौदापर्यंत. मग स्वॅब, मग प्रयोगशाळेची रांग. सुरुवातीला नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे जात आणि मिरजेत तपासणीची सोय झाल्यावर हे अंतर कमी झाले, तरी आज जाहीर झालेला बाधित हा साधारण मागच्या आठवड्यातील संसर्ग असे. पुराच्या आकड्याने पुढचे दिसते, इथे मागचे दिसत होते, आणि ही साधी बाब तक्त्याखाली एका ओळीत लिहिता आली असती.

आकड्याचा अर्थही मध्येच बदलत गेला. ८ मे २०२० रोजी केंद्राने घरी सोडण्याचे धोरण बदलले. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला दहा दिवसांनंतर, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता सोडता येऊ लागले. ‘कोरोनामुक्त’ या रकान्यातली माणसे त्या दिवसापासून निराळ्या निकषाने मोजली जाऊ लागली. जून २०२० मध्ये रॅपिड अँटिजेन चाचणीला मान्यता मिळाली, चाचण्या वाढल्या आणि बाधितही वाढले. रोग वाढला म्हणून किती आणि शोध वाढला म्हणून किती, हे समजायला चाचण्यांची संख्या आणि बाधितांचे प्रमाण शेजारी शेजारी हवे. सर्वसामान्य वाचकाच्या नजरेत मात्र पहिला रकानाच भरे. चाचणी न करता सोडलेला शेजारी घरी आला तेव्हा ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला का’ हा प्रश्न इमारतीच्या जिन्यात विचारला गेला. धोरण शास्त्राला धरून होते. ते जिन्यापर्यंत पोहोचवणे राहून गेले.

मिरजेचा गुंता आणखी एक. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरजेला उपचाराची जी परंपरा लाभली, तिच्यामुळे कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूरकडचे रुग्ण येथे येतात, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय कोविडसाठी राखीव झाल्यावरही ते येत राहिले. परजिल्ह्यातील आणि परराज्यातील मृत्यू वेगळे दाखवणे हिशोबाच्या दृष्टीने योग्यच आहे. पण मिरजेतल्या माणसाला खाटा भरल्या आहेत की नाहीत याच्याशी देणेघेणे असते, आणि खाट अडवणारा रुग्ण कोणत्या जिल्ह्यातला आहे याने त्यात फरक पडत नाही. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आणि पुन्हा २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये लोकांना सर्वांत तातडीने हवी असलेली माहिती ऑक्सिजनच्या खाटेची होती. ती दर तासाला बदलते. सायंकाळच्या तक्त्यात तिला जागा असूच शकत नाही. तिच्यासाठी फोन उचलणारा माणूस लागतो, आणि दूरध्वनीवरून ‘आत्ता नाही, दोन तासांनी विचारा’ असे खरे उत्तर देणारा नियंत्रण कक्ष हा कोणत्याही सुबक तक्त्यापेक्षा मोलाचा असतो.

बंद गल्लीची सूचना

प्रतिबंधित क्षेत्राची सूचना ही खरे तर सर्वांत स्थानिक सूचना. येथे जागा होती, मर्यादा होती, करायचे काय तेही ठरलेले होते. रस्त्याच्या तोंडाला बांबू किंवा पत्रे उभे राहिले की वेगळे सांगायची गरज उरत नसे. मात्र आपल्याकडे हद्द लिहिण्याची महसुली रीत अशी आहे की पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याचे दुकान, उत्तरेस बोळ. रुग्णाचे नाव गुप्त ठेवायचे आणि त्याच्या चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावे आदेशात छापायची, ही विसंगती होती. अशा आदेशाचा फोटो फिरू लागल्यावर मधले घर कोणते हे शोधायला कोणालाही पाच मिनिटे पुरत. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा राज्याचा मार्च २०२० मधील निर्णयही याच जातीचा. तो इतरांना सावध करण्यासाठी होता, पण त्याने पुढच्या माणसाला तपासणीपासून लांब राहण्याचे कारण दिले. दार बंद होणार, पत्रे लागणार, चारचौघांत नाव होणार या भीतीने ताप अंगावर काढणारी माणसे प्रत्येक पेठेत होती, आणि अंगावर काढलेला ताप दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

या सूचनेत आणखी एक उणीव असे : गल्ली बंद केव्हा झाली हे कळे, सुटणार केव्हा हे स्पष्ट नसे. केंद्राच्या सुरुवातीच्या आराखड्यात २८ दिवस नवा रुग्ण न सापडण्याची अट होती; नंतर ती शिथिल झाली. हातावर पोट असलेल्या कुपवाडच्या कामगाराला किंवा मिरजेच्या बाजारात हातगाडी लावणाऱ्याला ‘अमुक तारखेपर्यंत, मध्ये नवा रुग्ण सापडला तर तमुक तारखेपर्यंत’ एवढे लिहून मिळाले असते, तर त्याने उधारी, भाडे, धान्य यांचा हिशोब तरी बांधला असता. गल्लीच्या तोंडाशी पत्र्यावरच एक फलक लावून हे करता येते.

माध्यमाविषयी थोडक्यात. व्हॉट्सॲप वेगवान होते, परंतु त्यावर काल रद्द झालेला आदेश आजही तितक्याच जोमाने फिरत असे, कारण पीडीएफच्या पहिल्या पानावर तारीख बारीक अक्षरात आणि आशय शेवटच्या पानावर. घंटागाडीवरचा ध्वनिक्षेपक, आशाताईंची फेरी, मशिदीच्या व देवळाच्या भोंग्यावरून केलेले आवाहन ही साधने मंद, पण पक्की होती. मिरजेत घराघरांत दखनी बोलली जाते, जतच्या पूर्व भागात कन्नड. अशा ठिकाणी ‘सदर क्षेत्रातील आस्थापना’ ही कार्यालयीन मराठी मराठी माणसालाही जड जाते, मग इतरांचे काय. आशाताई तेच वाक्य स्वतःच्या भाषेत ‘दुकानं चारला बंद, पोराला पाठवू नका’ असे करून सांगत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर तपासणी झाली, तेव्हा उंबऱ्यावर झालेल्या या बोलण्यातून जे कळले ते माझ्या मते तेवढ्या काळातील छापील सूचनांपेक्षा जास्त होते.

पातळ्या आल्या, पण मोजमाप मोठे झाले

जून २०२१ मध्ये राज्याने जे केले ते या प्रकरणात महत्त्वाचे आहे, कारण आकडा आणि कृती यांची उघड गाठ घातली गेली. ७ जूनपासून पाच स्तर लागू झाले. चाचणी केलेल्यांतील बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा या दोन मोजमापांवर स्तर ठरे : प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि पाव खाटांपर्यंतच भरलेल्या असतील तर पहिला; पाच ते दहा टक्क्यांना तिसरा; दहाच्या वर चौथा; विसाच्या वर पाचवा. आकडे दर गुरुवारी, अंमल पुढच्या सोमवारपासून. प्रत्येक स्तरात दुकान, हॉटेल, लग्न, बस यांचे नियम लिहिलेले. इशारा पातळी, धोका पातळी आणि तीन-चार दिवसांची सवड, असे नदीच्या आकड्याचे सगळे गुण या पद्धतीत होते, आणि सांगलीकरांना ती समजायला वेळ लागला नाही.

अडचण आली ती घटकाच्या आकाराची. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांना स्वतंत्र घटक धरले गेले. पाच लाखांची सांगली-मिरज-कुपवाड त्यात बसली नाही आणि संपूर्ण जिल्ह्याबरोबर मोजली गेली. परिणाम असा की शिराळ्याच्या डोंगराळ भागात आणि जतच्या माळावर काय चालले आहे, त्यावर सांगलीच्या गणपती पेठेचे शटर अवलंबून राहिले, आणि उलटही. वाईट म्हणजे दुकानदाराला आपल्या हातात काही आहे असे वाटेनासे झाले. मास्क लावणाऱ्या, गर्दी टाळणाऱ्या पेठेला त्याचे फळ दिसत नसेल तर पुढच्या आठवड्याचा आकडा ती कशासाठी पाहील? जूनच्या अखेरीस विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या रूपाच्या धास्तीने सर्व जिल्ह्यांना किमान तिसरा स्तर लावला गेला, आणि खालच्या दोन पायऱ्याच नाहीशा झाल्या.

त्यातच जुलैच्या चौथ्या आठवड्यात कृष्णा पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेली. एका हातात फूट, दुसऱ्या हातात टक्के, अशी स्थिती झाली. नदीचा आकडा सांगत होता की घर सोडून निवारा केंद्रात जा. साथीचा आकडा सांगत होता की चार भिंतींच्या आत राहा, दाटी करू नका. पहिला आकडा लोकांनी मानला, आणि मानायलाच हवा होता, कारण पाणी थांबत नाही. पण निवारा केंद्रात कोणाची चाचणी होणार, बाधित माणसाला वेगळे कोठे ठेवणार, लसीचा राहिलेला डोस तेथे मिळणार का, या तीन प्रश्नांची उत्तरे स्थलांतराच्या सूचनेतच असायला हवीत, हे अशा प्रसंगी उघड होते. २ ऑगस्टच्या आदेशात राज्यातील बहुतेक जिल्ह्यांना सवलती मिळाल्या. सांगली, सातारा, कोल्हापूरसह अकरा जिल्ह्यांत तिसऱ्या स्तराचे निर्बंध कायम राहिले. चिखल काढून दुकान धुतलेल्या व्यापाऱ्याला ते ऐकावे लागले.

लसीची यादी

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मार्चला साठीच्या पुढचे, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढचे, १ मेला अठरा वर्षांवरील सर्व. येथे धोरणच वारंवार बदलले. कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर आधी चार ते सहा आठवडे, २२ मार्चला सहा ते आठ, १३ मेला बारा ते सोळा. त्याच सुमारास लस अपुरी पडल्याने राज्याने अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबवले. पहाटे रांगेत उभे राहून खिडकीपाशी पोहोचल्यावर ‘तुमचे अंतर पूर्ण झाले नाही’ हे ऐकणाऱ्या ज्येष्ठांचा संताप समजण्यासारखा होता. ते कालच्या नियमाप्रमाणे बरोबरच होते. अंतर वाढवण्यामागचे कारण सांगितले गेले, पण तुटवडा आणि अंतरवाढ एकाच आठवड्यात आल्यामुळे लोकांनी अंतरवाढीचे कारण तुटवड्यात शोधले.

तरीही सबंध काळातील सर्वांत उपयुक्त सूचना कोणती असे विचारले, तर मी रात्री उशिरा फिरणाऱ्या उद्याच्या केंद्रांच्या यादीकडे बोट दाखवीन. केंद्राचे नाव, लस कोणती, पहिला डोस की दुसरा, किती जणांना, टोकन की ऑनलाइन नोंदणी, किती वाजता. तिच्यात शोभा नव्हती, प्रस्तावना नव्हती, कोणाचे छायाचित्र असण्याचीही गरज नव्हती. जागा, मर्यादा, वेळ तिन्ही होते, आणि ती वाचणारा माणूस सकाळचा बेत ठरवू शकत होता. उणीव राहिली ती वेळेची : यादी रात्री दहानंतर आली की स्मार्टफोन नसलेल्या आजीला ती सकाळी शेजाऱ्याकडून कळे, आणि तोवर शंभर टोकने संपलेली असत. काही टोकने फोन नसलेल्यांसाठी आशाताईंकडे राखून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे आणि तो कोणत्याही प्रभागात करता येतो. ‘उद्या साठा नाही, केंद्र बंद’ ही ओळ सायंकाळी सहालाच बाहेर पडली, तर तीही तितकीच कामाची; तिने पहाटेची एक संपूर्ण रांग वाचते.